पटावर उरलेले नाव

शाळेच्या संगणक कक्षातील एखादा जुना संगणक चालू केला, की पुष्कळदा लगेच काम सुरू होत नाही. पडद्यावर दोन-तीन नावांची यादी येते आणि तिच्याखाली सेकंद उलटे मोजले जातात. ही नावे असतात ऑपरेटिंग सिस्टीमची, म्हणजे संगणकाचा सगळा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रणालीची. यादीतील एक नाव निवडले तर काम नीट सुरू होते. दुसरे निवडले तर अमुक फाइल सापडत नाही असा संदेश येतो आणि संगणक तेथेच थांबतो. ती दुसरी प्रणाली डिस्कवरून केव्हाच काढून टाकलेली असते, पण यादीतले तिचे नाव मात्र शिल्लक असते.

शिक्षकांना हा प्रकार नवा वाटू नये. एखादे मूल गाव सोडून जाते, वर्गात त्याची जागा रिकामी होते, तरी त्याचे नाव पटावर राहतेच. नाव कमी करणे ही वेगळी कृती आहे आणि ती कोणीतरी पटावर जाऊन करावी लागते. संगणकाचेही तसेच आहे. प्रणाली एका ठिकाणी असते, तिच्या नावाची नोंद दुसऱ्या ठिकाणी. एक पुसली म्हणून दुसरी आपोआप पुसली जात नाही.

फरक एवढाच, की शाळेचा पट कोठे असतो हे आपल्याला ठाऊक असते. संगणकाचा पट कोठे असतो हे बहुतेकांना ठाऊक नसते. गेल्या चाळीसएक वर्षांत त्याची जागा अनेकदा बदलली आहे. त्यामुळे एका संगणकावर लागू पडलेला उपाय दुसऱ्यावर चालत नाही. मग कोणी एक ओळ काढण्यासाठी सगळी डिस्क फॉरमॅट करतो आणि निकालपत्रके, छायाचित्रे, प्रश्नपत्रिका त्यात जातात. कोणी नको असलेली प्रणाली आधी पुसतो आणि हवी असलेली प्रणालीही सुरू होईनाशी झाल्यावर संगणक बिघडला असे समजून तो कोपऱ्यात ठेवून देतो. हे दोन्ही टाळता येते. त्यासाठी ही यादी कशी जन्माला आली आणि कोठकोठे फिरली, हे समजून घेऊ या.

पहिली आज्ञा कोण देणार?

संगणक आज्ञावलीप्रमाणे चालतो. आज्ञावली स्मृतीत आणून ठेवायची, तर ते कामही कोणत्या तरी आज्ञावलीनेच करायला हवे. मग ती आज्ञावली स्मृतीत कोणी आणायची? स्वतःच्याच खांद्यावर चढून बसण्यासारखा हा प्रश्न आहे. इंग्रजीत यासाठी स्वतःच्या बुटांचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलण्याची कल्पना वापरतात. बुटाच्या त्या पट्ट्याला 'बूटस्ट्रॅप' म्हणतात. संगणक 'बूट' होतो असे आपण म्हणतो, ते या शब्दावरून.

इंग्लंडमधील मँचेस्टर येथे २१ जून १९४८ रोजी स्मृतीत साठवलेली आज्ञावली प्रथमच यंत्रावर चालली. ती जेमतेम १७ आज्ञांची होती आणि माणसांनी खटके दाबून ती स्मृतीत भरली होती. म्हणजे पहिली आज्ञा माणूसच देत होता.

पुढच्याच वर्षी केंब्रिज विद्यापीठात 'एडसॅक' हा संगणक सुरू झाला. मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली बांधलेल्या या यंत्रात डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने एक सुंदर युक्ती केली. कागदी फीत वाचून तिच्यावरील आज्ञा स्मृतीत नेमक्या जागी ठेवण्यासाठी त्याने ३१ आज्ञांची एक छोटी आज्ञावली रचली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरतात तसल्या फिरत्या खटक्यांवर ती तारांनी कायमची जोडून टाकली होती. बटण दाबले की या ३१ आज्ञा स्मृतीत उतरत आणि मग पुढची मोठी आज्ञावली त्या स्वतः आत घेत. लहानाने मोठ्याला आत आणायचे, ही या पद्धतीतली मुख्य गोष्ट. आजचा संगणकही याच तत्त्वावर सुरू होतो.

ही सोय सर्वांना लगेच मिळाली असे मात्र नाही. १९७५ साली अमेरिकेत 'अल्टेअर ८८००' हा घरी जुळवण्याचा छोटा संगणक विक्रीला आला. त्याला ना पडदा होता ना कळफलक. दर्शनी फळीवर खटके आणि दिवे होते. कागदी फितीवरची 'बेसिक' भाषा त्यात भरायची, तर आधी फीत वाचणाऱ्या आज्ञा एकेक करून खटक्यांनी द्याव्या लागत. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

निवड हातात होती

भारतातील काही शाळांत संगणक आला तो केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून. १९८४-८५ साली सुरू झालेल्या या प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात २५० शाळा होत्या आणि त्यांना 'बीबीसी मायक्रो' हे संगणक दिले होते. ज्यांनी ते वापरले त्यांना आठवत असेल, की बटण दाबताच 'बीप' असा आवाज होई आणि संगणक कामाला तयार. त्याची प्रणाली आणि बेसिक भाषा कायम स्मृतीच्या चिपांवर कोरलेली होती. बाहेरून काही आणायचे नव्हते. प्रणाली एकच असल्यामुळे यादीचा प्रश्नही नव्हता.

'आयबीएम'ने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला पीसी जाहीर केला तेव्हा वेगळा मार्ग घेतला. कायमच्या चिपवर 'बायॉस' नावाची छोटी आज्ञावली ठेवली. तिचे काम यंत्राचे भाग तपासायचे आणि फ्लॉपीचा पहिला तुकडा वाचून त्याच्या हवाली कारभार करायचा. प्रणाली त्या फ्लॉपीवर. या संगणकासाठी आयबीएमने एक नव्हे, तीन प्रणाली देऊ केल्या होत्या : पीसी-डॉस, सीपी/एम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टीम. कोणती वापरायची हे वापरणारा कसे ठरवी? जी फ्लॉपी खाचेत घालावी ती प्रणाली. फ्लॉपी घातलीच नाही तर चिपवरची बेसिक भाषा सुरू होई.

म्हणजे या काळात यादी माणसाच्या हातात होती, तीही फ्लॉप्यांच्या गठ्ठ्याच्या रूपात. एखादी प्रणाली नकोशी झाली तर तिची फ्लॉपी बाजूला ठेवायची. नाव आणि वस्तू एकाच ठिकाणी असल्यामुळे मागे काही उरण्याचा संभव नव्हता.

पाचशे बारा बाइटांची पाटी

मार्च १९८३ मध्ये आयबीएमचा 'पीसी एक्सटी' आला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क पेटीतच बसवलेली होती. आता डिस्क बदलता येईना. दोन प्रणाली हव्या असतील तर त्या एकाच डिस्कवर नांदायला हव्यात, आणि त्यांपैकी कोणाला बोलवायचे हे कोठेतरी लिहून ठेवायला हवे.

त्यासाठी योजलेली व्यवस्था इतकी टिकाऊ ठरली, की तीस वर्षे जगभरच्या संगणकांवर ती चालली. हार्ड डिस्कच्या अगदी पहिल्या तुकड्यात ५१२ बाइट असतात. त्यांची वाटणी साधारण अशी. पहिल्या ४४६ बाइटांत एक छोटी आज्ञावली. पुढच्या ६४ बाइटांत डिस्कच्या वाटण्यांचा तक्ता. या वाटण्यांना पार्टिशन म्हणतात. शेवटचे दोन बाइट म्हणजे ओळखीची खूण. त्यांतील संख्या ८५ आणि १७०. या दोन संख्या विद्यार्थ्यांना द्विमान पद्धतीत मांडायला सांगाव्यात. ०१०१०१०१ आणि १०१०१०१० अशी एकाआड एक अंकांची नक्षी दिसते.

तक्त्यात चारच ओळी, प्रत्येक ओळ १६ बाइटांची. तीत काय असते? वाटणी कोठे सुरू होते, केवढी आहे, कोणत्या प्रकारची आहे, आणि तिच्यावरून संगणक सुरू करायचा की नाही. या शेवटच्या गोष्टीसाठी एक बाइट असतो. चार ओळींपैकी एकीत तो १२८ असतो, बाकीच्यांत शून्य. सुरू करताना बायॉस हे ५१२ बाइट वाचते, स्मृतीत ३१७४४ या जागी ठेवते आणि त्यांतील आज्ञावलीला सुरुवात करून देते. ती आज्ञावली १२८ची खूण असलेली ओळ शोधते आणि त्या वाटणीचा पहिला तुकडा वाचते. पुढचे काम त्या तुकड्याचे. एडसॅकच्या ३१ आज्ञांचीच ही वाढलेली परंपरा.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या तक्त्यात प्रणालीच्या नावाला जागाच नाही. ५१२ बाइटांत ती मावलीही नसती. निवड होती, पण ती एका खुणेची. आणि ती खूण बदलायची तर 'एफडिस्क' नावाची आज्ञावली चालवून संगणक पुन्हा सुरू करावा लागे. रोज दोन प्रणाली वापरणाऱ्याला हे गैरसोयीचे होते. सुरुवातीलाच नावे दाखवून विचारणारे कोणीतरी हवे होते.

यादी आली, आणि तिची जागा ठरली

१९९२ ते १९९५ या काळात असे विचारणारे एकामागून एक आले. १९९२ सालच्या 'ओएस/२'च्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर 'बूट मॅनेजर' होता. त्यासाठी डिस्कवर एक स्वतंत्र छोटी वाटणी राखून ठेवत.

जुलै १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टची 'विंडोज एनटी' आली. ही प्रणाली घेणाऱ्यांच्या संगणकावर आधीपासून डॉस होती आणि ती सोडायला ते तयार नव्हते. म्हणून एनटीने डॉसच्या वाटणीचा पहिला तुकडा एका फाइलमध्ये जपून ठेवला, त्या जागी स्वतःचा तुकडा बसवला, आणि 'बूट डॉट आयएनआय' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये दोघांची नावे लिहिली. किती सेकंद थांबायचे, काही न निवडल्यास कोणती प्रणाली घ्यायची, आणि मग एकेका ओळीत एकेक प्रणाली. प्रत्येक ओळीत दोन भाग असत. डावीकडे पत्ता : कितवी डिस्क, कितवी वाटणी, कोणते फोल्डर. उजवीकडे अवतरणचिन्हांत नाव. पडद्यावर दिसे ते फक्त उजवीकडचे.

उरलेल्या नावाची गोष्ट येथून सुरू होते. ही फाइल प्रणाली बसवताना लिहिली जाई. प्रणाली पुसताना तिला हात लावणारे कोणी नव्हते. २००१ साली 'विंडोज एक्सपी' आल्यावर तर एक गमतीदार दृश्य पुष्कळ ठिकाणी दिसू लागले. जुनी प्रणाली बिघडली म्हणून तीच प्रणाली दुसऱ्या फोल्डरमध्ये नव्याने बसवत, आणि यादीत एकाच नावाच्या दोन ओळी येत. पत्ते वेगळे, नावे तंतोतंत सारखी. कोणती खरी हे पाहणाऱ्याला कळत नसे. दुसरी अडचण याहून गंभीर होती. पत्त्यात 'कितवी वाटणी' हा क्रमांक असे. मधली एखादी वाटणी काढून टाकली की पुढच्यांचे क्रमांक बदलत आणि चांगल्या प्रणालीचा पत्ताही चुकीचा ठरे. घर जागेवर असायचे, घरक्रमांक मात्र बदललेला.

लिनक्सच्या जगात हाच प्रश्न दोन प्रकारे सोडवला गेला. वेर्नर आल्मेसबर्गर यांनी १९९२ साली लिहिलेल्या 'लिलो'ला डिस्कवरच्या फाइली नावाने ओळखता येत नसत. प्रणालीची मुख्य फाइल डिस्कच्या कोणकोणत्या तुकड्यांत आहे याचा नकाशा तो आधीच करून ठेवी. फाइल बदलली आणि नकाशा पुन्हा केला नाही, की सगळे अडले. कोठे अडले ते मात्र तो प्रामाणिकपणे सांगे. सुरू होण्याचा एकेक टप्पा पार पडला की तो आपल्या नावाचे एकेक अक्षर पडद्यावर उमटवी. चार अक्षरे दिसली की सर्व ठीक. दोनच अक्षरांवर थांबला तर दोष कोठे आहे हे जाणकाराला समजे.

एरिक बोलिन यांनी १९९५ साली 'ग्रब' लिहिण्यास सुरुवात केली. नावाचा अर्थ 'महान एकीकृत बूटलोडर' असा. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना त्यातला 'महान एकीकृत' हा शब्दप्रयोग ओळखीचा वाटेल. ग्रबला डिस्कवरची फाइलींची मांडणी समजते, त्यामुळे तो नकाशावर विसंबत नाही. आपली यादी तो सुरू होताना फाइलमधून वाचतो. पुढे तो 'ग्नू' प्रकल्पाने स्वीकारला आणि लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्यांबरोबर तो येऊ लागला.

ग्रबच्या या शहाणपणात एक धोका दडलेला होता. ग्रबचा पहिला छोटा अंश डिस्कच्या त्या ४४६ बाइटांत बसतो, पण यादी आणि बाकीचा ग्रब लिनक्सच्या वाटणीत असतो. समजा, एखाद्या शाळेत विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत आणि लिनक्स नको झाले म्हणून कोणी त्याची वाटणी पुसली. संगणक सुरू होताना पहिला अंश जागा होतो, उरलेला शोधतो, तो सापडत नाही आणि वाटणी नसल्याचा संदेश देऊन थांबतो. विंडोज डिस्कवर जशीच्या तशी आहे, तिच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता मात्र तुटला. वर्गशिक्षकांची बदली झाली आणि जाताना ते हजेरीपटच सोबत घेऊन गेले, असा हा प्रकार. आम्हाला वाटते, चांगले संगणक मोडीत निघण्याचे हे एक टाळता येण्याजोगे कारण आहे. विंडोजच्या दुरुस्तीच्या डिस्कवरून एक आज्ञा देऊन ते ४४६ बाइट पुन्हा लिहिता येतात; तक्त्याला आणि फाइलींना धक्का लागत नाही.

फाइलमधून मदरबोर्डवर

विंडोज व्हिस्टाबरोबर, म्हणजे २००६-०७ च्या सुमारास, बूट डॉट आयएनआय निवृत्त झाली. तिच्या जागी 'बीसीडी' आली. हा साधा मजकूर नसून संगणकालाच वाचता येणारा नोंदींचा संच आहे. त्यात प्रत्येक प्रणालीला १२८ बिटांचा एक लांबलचक ओळखक्रमांक असतो. त्यामुळे नोंदवहीत हाताने खाडाखोड करण्याची सोय गेली. बदल करायचा तर 'बीसीडीएडिट' या आज्ञेने किंवा 'एमएसकॉन्फिग' या खिडकीतून.

हा बदल का केला? कारण बायॉसचेच दिवस भरत आले होते. ५१२ बाइटांच्या त्या तक्त्यात वाटणीचा आकार लिहायला चार बाइट असतात. चार बाइटांत २चा ३२वा घात एवढे तुकडे मोजता येतात आणि प्रत्येक तुकडा ५१२ बाइटांचा. गुणाकार केला तर सुमारे २.२ लाख कोटी बाइट, म्हणजे २ टेराबाइट. याहून मोठी डिस्क या तक्त्याला पेलत नाही. इंटेल कंपनीने १९९०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या 'इटॅनियम' प्रोसेसरसाठी बायॉसला पर्याय तयार करायला घेतला होता. २००५ साली अनेक कंपन्यांच्या संघाने तो हाती घेतला आणि 'यूईएफआय' या नावाने तो रूढ झाला. २०१२च्या 'विंडोज ८'नंतर नवे संगणक सर्रास त्यासह येऊ लागले.

यूईएफआयमध्ये डिस्कवर एक छोटी वाटणी राखलेली असते. तीत प्रत्येक प्रणालीचे फोल्डर, आणि फोल्डरमध्ये ती सुरू करणारी फाइल. प्रणालींची यादी मात्र मदरबोर्डवरच्या, वीज गेली तरी न विसरणाऱ्या स्मृतीत असते. प्रत्येक नोंदीला चार आकडी क्रमांक, तीत प्रणालीचे नाव आणि फाइलचा पत्ता. शिवाय कोणाला आधी बोलवायचे याचा क्रम वेगळा लिहिलेला.

परिणाम असा, की आता सगळी डिस्क पुसली, इतकेच काय ती काढून नवी बसवली, तरी जुन्या प्रणालीचे नाव यादीत राहू शकते. काही संगणक पत्ता न सापडणारी नोंद स्वतःच पुसतात, काही वर्षानुवर्षे ठेवतात. पट आता वर्गाच्या कपाटात नसून मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे, असे म्हणू या. आणि या खोलीत सगळ्यांनी जाऊन चालत नाही. २०१६ साली असे लक्षात आले, की लिनक्समध्ये सर्व फाइली पुसण्याची आज्ञा निष्काळजीपणे दिली, तर मदरबोर्डवरच्या या नोंदीही पुसल्या जाऊ शकतात आणि काही लॅपटॉप त्यानंतर सुरूच होत नाहीत. तेव्हापासून लिनक्सने यांतील बहुतेक नोंदींना सहज न पुसल्या जाण्याचे संरक्षण दिले.

नाव कमी करण्याची रीत

या इतिहासावरून व्यवहारातला नियम सरळ निघतो : आधी पट कोठे आहे ते ओळखा, मग नाव काढा, आणि वाटणीला सर्वांत शेवटी हात लावा.

सुरुवात महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेर काढून करावी. जी प्रणाली ठेवायची आहे तीच आपोआप सुरू होते ना, हे एकदोनदा संगणक बंद-चालू करून पाहावे. डिस्कला सांकेतिक कुलूप लावलेले असेल, तर ते उघडण्याची किल्ली, म्हणजे तो लांब आकडा, आधी कागदावर लिहून ठेवावा; अशा बदलांनंतर संगणक तो विचारू शकतो.

यादी विंडोजची असेल तर 'एमएसकॉन्फिग' उघडून 'बूट' या पानावर जावे. तेथे सर्व नावे दिसतात आणि आत्ता चालू असलेल्या प्रणालीपुढे तसे लिहिलेले असते. दोन नावे सारखी असली तरी यामुळे घोटाळा होत नाही. ते नाव सोडून उरलेले नाव निवडावे आणि 'डिलीट' करावे.

यादी ग्रबची असेल तर ती फाइल हाताने दुरुस्त करण्यात अर्थ नाही. आजच्या ग्रबची यादी एक आज्ञावली डिस्क तपासून तयार करते आणि पुढच्या वेळी आपली दुरुस्ती पुसून टाकते. जुनी प्रणाली खरोखर गेलेली असेल, तर यादी नव्याने तयार करण्याची आज्ञा दिली की नाव आपोआप गळते. २०२१च्या २.०६ या आवृत्तीपासून ग्रब दुसऱ्या प्रणाली आपणहून शोधत नाही, त्यामुळे एखादे नाव अचानक दिसेनासे झाले तरी ती प्रणाली गेली असे समजू नये.

नाव मदरबोर्डवर असेल तर लिनक्समधील 'ईएफआयबूटएमजीआर' ही आज्ञा सर्व नोंदी क्रमांकांसह दाखवते आणि क्रमांक सांगून त्यातली एक पुसता येते. विंडोजमध्ये बीसीडीएडिटला फर्मवेअरच्या नोंदी मागितल्या की त्या दिसतात. पुसण्यापूर्वी यादी कागदावर उतरवून घ्यावी.

नाव काढल्याने डिस्कवर जागा मोकळी होत नाही, हेही सांगायला हवे. पटावरून नाव गेले तरी वर्गातले दप्तर उचलावे लागतेच. जुनी प्रणाली डिस्कवर शिल्लक असेल तर तिची वाटणी किंवा फोल्डर नंतर वेगळे काढावे लागते. पण हवी ती प्रणाली नीट सुरू होते याची खात्री झाल्यावरच.

वर्गात करण्याजोगे

विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यावर चालणाऱ्या अनेक संगणकांना विंडोज ११ चालत नाही, म्हणून काही ठिकाणी त्यांवर लिनक्स बसवले जात आहे. त्यामुळे दोन प्रणाली शेजारी नांदणे, आणि मग एक निघून जाणे, हे आपल्या शाळांतही घडणार आहे. आमच्यासारख्यांच्या प्रयोगशाळांत ते नेहमीचे आहे; जुन्या उपकरणाची आज्ञावली नव्या प्रणालीवर चालत नाही, म्हणून जुनी प्रणाली शेजारी ठेवावी लागते.

विद्यार्थ्यांना हा विषय संगणकाला हात न लावताही शिकवता येतो. पाच मुले उभी करावीत : बायॉस, डिस्कचा पहिला तुकडा, यादी सांगणारा, आणि दोन प्रणाली. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यावी, तीत फक्त पुढच्याचा पत्ता. बायॉसने सुरुवात करायची आणि चिठ्ठीबरहुकूम एकेकाला बोलवत जायचे. मग एका प्रणालीला वर्गाबाहेर पाठवावे, पण यादी तशीच ठेवावी. काय होते ते मुले पाहतील. दुसऱ्या खेपेला यादी सांगणाऱ्यालाच बाहेर पाठवावे. उरलेली प्रणाली जागेवर बसलेली असूनही तिला कोणी बोलावत नाही, हे दिसले की विचारावे : आता बिघडले आहे ते नेमके काय, आणि दुरुस्त करायला कोणाच्या चिठ्ठीत बदल करावा लागेल? आठवी-नववीची मुले याचे उत्तर काढतात. वरच्या वर्गांना ५१२ बाइटांची वाटणी आणि २ टेराबाइटची मर्यादा स्वतः गणिताने काढायला सांगावी, आणि वाटणीचा आकार लिहायला चारऐवजी आठ बाइट दिले तर ती मर्यादा किती पटींनी वाढेल, हा प्रश्न घरी सोडवायला द्यावा.